आमच्या दारचा आंबा किती वर्षांचा?

गणपतीत गावी गेलो की आरती आटपून प्रसाद हातावर पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "तू ती झाडाची वलयं मोजतोस ना? मग आमच्या दारच्या आंब्याचं वय सांग की. आणि पूर्वी इथं कधी दुष्काळ पडला होता का, तेही." आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगून टाकतो.

आंब्याचं मला सांगता येत नाही. हापूस असो वा रायवळ, त्याची वलयं इतकी धूसर असतात की एक वर्ष कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं, हे छातीठोकपणे म्हणवत नाही. माडा-पोफळींना तर वलयं नसतातच. माडाच्या खोडावर दिसतात ते गळलेल्या झावळांचे वण, आणि झावळा वर्षाला डझनभर गळतात. ते वण मोजून माडाला शंभरी पार करवणारे आमच्या वाडीत दोघं आहेत.

साग मात्र सांगतो. उन्हाळ्यात तो पानं झाडून उभा असतो, वाढ थांबलेली. पावसाच्या तोंडावर जागा होतो तेव्हा आधी मोठमोठ्या छिद्रांची एक रांग धरतो आणि पुढं हंगाम सरेल तसं घट्ट, बारीक छिद्रांचं लाकूड. पुढच्या वर्षी पुन्हा मोठ्या छिद्रांची रांग. ती रांग म्हणजे वर्षाची वेस.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोलीकडचा आमच्या परड्यातला साग आडवा झाला. बुंध्याची चकती मी पुण्याला आणली आणि दोन दिवस काचपेपर घासत बसलो, आधी जाड, मग बारीक. आरशासारखी झाल्याशिवाय छिद्रं दिसत नाहीत. अंगठ्याने थोडं पाणी लावलं की वलयं अशी उठून येतात की आजही मला हसू फुटतं. सालीलगत 2020 ची जेमतेम छिद्रांची रांग, तीही अर्धवट. पाऊस यायच्या आधीच वादळ आलं होतं ना!

आईच्या म्हणण्याप्रमाणे रोप लावलं 1963 च्या पावसात. म्हणजे 2019 पर्यंत 57 वलयं हवीत. मी मोजली 59. आई ठाम, मीही ठाम. शेवटी भिंग लावून पाहिलं तर दोन वलयं खोटी निघाली. मधेच पावसाने दडी मारली की झाडाची वाढ खुंटते, पाऊस परतला की पुन्हा सुरू होते, आणि लाकडात एक जादा रेघ उमटते. तिची कड पुसट असते, काही वेळा अर्ध्या वाटेत हरवते. आईचा हिशेब बरोबर होता.

पाऊस कमी तर वाढ कमी आणि वलय बारीक, म्हणून 1972 च्या दुष्काळाचं वलय बारीक असणार अशी माझी खात्री होती. नव्हतं. बारीक होती ती 1984 आणि 1985 ची, आणि तो दुष्काळ नव्हता. घरावर विजेची वायर आली तेव्हा कुणीतरी अर्धा साग छाटून ठेवला होता. म्हणून एका झाडाच्या साक्षीवर जायचं नसतं. वीस-तीस झाडांची गावकी बसवायची, प्रत्येकाचा जाड-बारीक क्रम दुसऱ्याशी ताडून पाहायचा. खोटं वलय, छाटलेली फांदी, लागलेली कीड असल्या घरगुती भानगडी त्यात गळून पडतात. सगळ्यांचं एकाच वर्षी वलय बारीक, तर ते पावसाचं. त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीहून बारीक कांडी काढतात.

झाडही निवडून घ्यावं लागतं. आपल्या कोकणात बहुतेक ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्तच पाऊस. खाचराशेजारचा साग पोटभर पितो, त्याला थोडी तूट कळतही नाही. उतारावरच्या पातळ मातीतल्याला लगेच कळते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी ठाण्याकडच्या सागांवर केलेलं काम 1983 साली छापून आलं. पुढं त्याच संस्थेत केरळातल्या सागांवरून 1481 ते 2003 अशी 523 वर्षांची मालिका उभी राहिली, आणि एल निनोच्या कमी पावसाच्या वर्षांशी तिच्यातली बारीक वलयं बऱ्याचदा जुळली. आशियातल्या तीनशेहून जास्त ठिकाणच्या झाडांवरून 2010 मध्ये दुष्काळाचे वर्षवार नकाशे निघाले. त्यात 1876-78 चा, दख्खनला होरपळून काढणारा दुष्काळ स्पष्ट दिसतो.

"मग आमच्या जुन्या घराची तुळई घे," असंही म्हणतात. घेतो, पण दोन अडचणी. पूर्वीचे सुतार वाकसाने सालीकडचं पांढरं लाकूड तासून टाकत, त्यामुळे शेवटची वलयं जातात आणि झाड कुठल्या साली तोडलं ते कळत नाही. दुसरी म्हणजे पैसेवाल्यांच्या घरात ब्रह्मदेशी साग असू शकतो. त्याच्यावरून मंडालेचा पाऊस कळेल, मंडणगडचा नाही. (सागाच्या ओंडक्यांच्या भांडणाचं निमित्त करून इंग्रजांनी 1885 मध्ये ज्या थिबा राजाचं राज्य घेतलं, त्याला आणून ठेवलं कुठं, तर आपल्या रत्नागिरीत.)

तेव्हा घर उतरवताना एखाद्या सागवानी वाशाला सालीकडचं पांढरं लाकूड शिल्लक दिसलं, तर तो चुलीत घालण्याआधी मला फोन करा. आणि लाकूड कुठल्या रानातून आणलं होतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा.