उत्तर पहाटे साडेचारला येतं

३ जानेवारी

अमेरिकेतल्या बहुतेक नावाजलेल्या कॉलेजांत प्रवेशाच्या नेहमीच्या फेरीची अर्जाची मुदत १ जानेवारीच्या आसपास संपते आणि उत्तर मार्चमध्ये येतं. मधे अडीच-तीन महिने. अर्ज गेला, फी भरली, आता आपल्या हातात काही नाही असं मुलांना वाटतं आणि घोळाला इथूनच सुरुवात होते. त्या दिवशी गेलेला असतो तो फक्त विद्यार्थ्याचा भाग. शाळेचा अहवाल, शिक्षकांची शिफारसपत्रं, एसएटी या प्रवेश परीक्षेचे गुण, आर्थिक मदत मागितली असेल तर तिचे कागद, हे सगळं आपापल्या वाटेने तिथे पोचतं आणि मग एका नावाखाली जुळवलं जातं. एखादा कागद जुळला नाही की अर्जावर 'अपूर्ण' असा शिक्का बसतो, आणि अपूर्ण अर्ज वाचणाऱ्याच्या टेबलापर्यंत जायचा थांबतो.

म्हणून आज पोर्टलांची, म्हणजे अर्जाची स्थिती दाखवणाऱ्या कॉलेजांच्या पानांची यादी. कॉमन ॲपमधून, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवता येणाऱ्या साइटवरून, अर्ज गेला की काही दिवसांत प्रत्येक कॉलेज स्वतःच्या पोर्टलचं लॉगिन ईमेलने पाठवतं. दहा कॉलेजं असली तर दहा पोर्टलं. हे ईमेल हमखास 'स्पॅम' किंवा 'प्रमोशन्स'मध्ये जाऊन पडतात, तेव्हा आधी तिथे शोधावं. वहीच्या एका पानावर कॉलेज, पोर्टलचा पत्ता, काय पोचलं, काय बाकी, एवढे चार रकाने आखले की पुरे.

९ जानेवारी

आज नावाबद्दल, कारण सगळ्यात जास्त कागद नावामुळे हरवतात.

महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, तर दुसऱ्या रकान्यात मुलीचं आणि वडिलांचं नाव मिळून. एसएटीला नोंदणी करताना वडिलांचं नाव गाळलेलं. आणि शिफारसपत्रात बाईंनी घरात हाक मारतात ते नाव लिहिलेलं. मुलगी एकच, पण तिकडच्या संगणकाला चार माणसं दिसतात. एसएटीचा निकाल पोचलेला असतो, फक्त तो दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर पडून असतो, आणि पोर्टलवर मात्र 'मिळालं नाही' असं दिसत राहतं.

कागद पाठवल्यावर आठ-दहा दिवस थांबावं. जानेवारीत तिथे कागदांचा पूर आलेला असतो, नोंद व्हायला वेळ लागतो. त्यानंतरही पोर्टलवरच्या कागदांच्या चेकलिस्टमध्ये लाल खूण राहिली तर प्रवेश कार्यालयाला एक ईमेल करावा. विषयाच्या ओळीत अर्जावर आहे तसं पूर्ण नाव आणि अर्ज क्रमांक. मजकुरात जन्मतारीख, कोणता कागद, कोणी, कोणत्या तारखेला पाठवला, आणि त्या कागदावर नाव कसं लिहिलं आहे. चार ओळी. जन्मतारखेतला महिना अक्षरात लिहावा. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ५/८ म्हणजे आपली ५ ऑगस्ट तिथे ८ मे होते आणि गोंधळात आणखी भर पडते.

मुदत उलटून गेली म्हणून घाबरायचं कारण नाही. मुदत मुख्यतः विद्यार्थ्याच्या भागाला असते. शाळेकडून येणाऱ्या कागदांना बहुतेक कॉलेजं थोडी सवलत देतात.

२० जानेवारी

सहामाहीचे गुण. याला तिकडे मिड-इयर रिपोर्ट म्हणतात आणि बरीच कॉलेजं तो मागतात. कॉमन ॲपमध्ये हा अहवाल शाळेच्या खात्यातून भरावा लागतो, विद्यार्थ्याला तो स्वतः चढवता येत नाही. मुलगा समजतो आपल्या ज्युनिअर कॉलेजने पाठवला असेल, ज्युनिअर कॉलेज समजतं मुलगा येऊन सांगेल, आणि फेब्रुवारी निघून जातो. आपल्याकडच्या कनिष्ठ महाविद्यालयांत या कामाला वेगळा समुपदेशक क्वचितच असतो. प्राचार्य किंवा एखादे सर इतर कामं सांभाळून हे करतात. तेव्हा विद्यार्थ्याने स्वतः जाऊन भेटावं, आणि ऑफिसात गर्दी नसेल अशा वेळी.

गुणपत्रक लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आणि स्कॅनरवर काढलेलं असावं. मोबाइलवर तिरका फोटो काढला की कोपऱ्यातला गोल शिक्का हटकून अर्धा कापला जातो, आणि शिक्का वाचता आला नाही तर कागद परत मागितला जाण्याची शक्यता असते. अर्जासोबत जाणाऱ्या शाळेच्या माहितीपत्रकात गुणदान किती कडक आहे, वर्गात सर्वाधिक किती गुण पडतात, हे दोन वाक्यांत लिहिलेलं असेल तर फार बरं. नाहीतर आपल्याकडचे ७८ टक्के तिकडच्या वाचणाऱ्याला अगदीच सामान्य वाटू शकतात.

एमआयटी, म्हणजे अमेरिकेतली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, कॉमन ॲपमध्ये नाही. तिचा अर्ज वेगळा, आणि सहामाहीचे गुण कळवायला तिचा स्वतःचा फेब्रुवारीचा फॉर्म असतो. तो विद्यार्थ्यानेच भरायचा.

२ फेब्रुवारी

बोर्डाची परीक्षा तोंडावर. पोर्टल आठवड्यातून एकदाच, रविवारी बघावं. प्रवेश मिळाला तरी तो शेवटच्या वर्षाचे गुण टिकले तरच पक्का असतो. गुण फारच घसरले तर कॉलेज दिलेला प्रवेश काढून घेऊ शकतं. त्यामुळे आज केमिस्ट्रीचं पुस्तक उघडणं हेही अर्जाचंच काम आहे.

१८ फेब्रुवारी

वाट बघताना हात शिवशिवतात. अजून एक शिफारसपत्र पाठवू का, आठवण करून देऊ का, बाबांनी फोन केला तर? यातलं काहीही करू नये. मागितल्याशिवाय पाठवलेलं चौथं शिफारसपत्र वाचणाऱ्याचा वेळ खातं आणि सांगत काही नाही. पालकांचा फोन तर अजिबात नको, कार्यालयाला विद्यार्थ्याशीच बोलायचं असतं. कळवण्यासारख्या गोष्टी मोजक्याच: अर्जानंतर लागलेला एखादा मोठा निकाल, अर्जात राहिलेली चूक, बदललेला विषय किंवा शाळा. पोर्टलवर त्यासाठी जागा असेल तर तिथे, नसेल तर ईमेलने. एकदाच.

नोव्हेंबरच्या लवकरच्या फेरीत अर्ज केला होता आणि डिसेंबरात 'डिफर्ड' आलं, म्हणजे अर्ज नेहमीच्या फेरीत ढकलला, अशा मुलांचं थोडं वेगळं आहे. कॉलेजने मनाई केली नसेल तर त्यांनी एक पानी पत्र लिहावं: अजून यायचं आहे, मधल्या काळात हे नवं घडलं. पहिल्या निबंधाची उजळणी नको.

आणि पोर्टलवरच्या खुणांतून भविष्य वाचणं. चेकलिस्ट दिसेनाशी झाली, पानाचा रंग बदलला, आर्थिक मदतीचा नवा दुवा आला, की मुलं रात्रभर एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवतात. निकालाची तारीख जवळ आली की पानं सगळ्यांसाठीच बदलतात. त्यात कुणाचं नशीब लिहिलेलं नसतं, आणि त्यापायी गेलेली झोप मात्र परीक्षेच्या दिवसांतली असते. याचं मला फार वाईट वाटतं.

१० मार्च

घड्याळ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे जातं. पूर्व किनाऱ्याशी आपला साडेदहा तासांचा फरक साडेनऊवर येतो. डिसेंबरात संध्याकाळी सातला लागलेला निकाल आपल्याकडे पहाटे साडेपाचला दिसतो, तर मार्चअखेरीस सातचाच निकाल साडेचारला. एमआयटीचा निकाल १४ मार्चला, ३/१४ म्हणजे गणितातल्या पाय (३.१४) या संख्येच्या दिवशी, संध्याकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी लावायची प्रथा आहे. आपल्याकडे तेव्हा १५ तारखेच्या पहाटेचे ३ वाजून ५८ मिनिटं झालेली असतात.

सकाळी पेपर असेल तर गजर लावू नये. उत्तर सकाळी अकरालाही तेच असतं.

२८ मार्च

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ आणि पेनसिल्व्हेनिया, आयव्ही लीग या नावाजलेल्या गटातली ही आठ विद्यापीठं मार्चच्या शेवटी एकाच संध्याकाळी निकाल लावतात. पहिल्या काही मिनिटांत साइट अडकते. पान सारखं रिफ्रेश करून ती लवकर उघडत नाही.

उत्तरं तीन: हो, नाही, प्रतीक्षा यादी. 'नाही'चं कारण पत्रात लिहिलेलं नसतं, म्हणून ते मुलं स्वतःमध्ये शोधतात. पण परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत पुष्कळ कॉलेजं अर्ज वाचतानाच घरची ऐपतही बघतात. मदत मागितली असेल आणि मदतीची रक्कम संपत आली असेल, तर चांगला अर्जही बाजूला ठेवावा लागतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी थोडीच ठिकाणं परदेशी मुलांच्याही बाबतीत ऐपत न बघता निवड करतात. हे आई-बाबांनी मुलाला जवळ बसवून सांगावं, त्याच पहाटे.

'हो' आलं असेल तर मदतीचं पत्र वेगळं उघडावं. त्यात अनुदान किती, कर्ज किती, कॅम्पसवरच्या कामाचे पैसे किती, हे वेगळं काढावं. सगळ्याची बेरीज मोठी दिसते; पण कर्ज परत करायचं असतं आणि कामाचे पैसे कमवायचे असतात; खरी मदत फक्त अनुदानाची. ती वर्षाच्या एकूण खर्चातून वजा करावी, आणि त्या खर्चात विमा आणि विमानभाडं धरलं आहे का ते तपासावं.

६ एप्रिल

प्रतीक्षा यादी. इथे आपोआप काही होत नाही. पोर्टलवर 'मला यादीत राहायचं आहे' असं कळवावं लागतं, तेही दिलेल्या तारखेआधी.

प्रवेश दिलेली सगळी मुलं येत नाहीत हे धरून कॉलेजं जागांपेक्षा जास्त मुलांना प्रवेश देतात. १ मे या मुदतीपर्यंत किती जण जागा पक्की करायचे पैसे भरतात त्यावर यादी हलते. अंदाज बरोबर ठरला तर एकही नाव पुढे सरकत नाही. कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' लिहून शोधलं तर बऱ्याच कॉलेजांचा वार्षिक तक्ता मिळतो. त्यातल्या सी-२ या भागात यादीत किती जणांना ठेवलं, किती थांबले आणि शेवटी किती घेतले हे तीन आकडे असतात. तीन-चार वर्षांचे काढून शेजारी शेजारी लिहावेत. एका वर्षी शेकडो आणि पुढच्या वर्षी शून्य, असंही दिसतं. ते बघितल्यावर यादीच्या भरवशावर हातातली जागा सोडायचा विचार कुणी करणार नाही.

१ मे

एका कॉलेजात पैसे भरायचे. एकाच कॉलेजात. दोन ठिकाणी भरून ठेवणं गैर मानतात, आणि उघडकीला आलं तर दोन्ही जागा जाऊ शकतात. बाकीच्यांना 'येत नाही' असं पोर्टलवर कळवावं. कुणीतरी तिथल्या यादीत थांबलेलं असतं.

यानंतर बँकेची कागदपत्रं, कॉलेजकडून आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला), मग परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीची ३५० डॉलरची सेव्हिस फी, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज, व्हिसाची मुलाखत. आय-२० वरचं नाव पासपोर्टशी एकेक अक्षर जुळवून बघावं. जानेवारीतला नावाचा घोळ इथे पुन्हा डोकं वर काढतो.

३० जून

बोर्डाची अंतिम गुणपत्रिका शाळेकडून गेली का, हे आज बघावं. पोर्टलवर ती वेगळ्या ओळीत दिसते. प्रतीक्षा यादी बंद झाल्याचं पत्रही याच सुमारास येतं. त्याला उत्तर द्यायचं नसतं.