चिलखत उतरवलेला माणूस

टीव्हीवर स्पेनचा राजा दिसला आणि भाचीने विचारलं, "मामा, याचा पहिला पूर्वजही राजाच होता का रे?"

नव्हता. पहिला ज्ञात पूर्वज होता रॉबर्ट, आजच्या फ्रान्समधल्या लोआर नदीकाठचा फ्रँक सरदार. दिवसभर तोच डोक्यात आहे.

इ.स. 866. ब्रिसार्त गावात रॉबर्टच्या फौजेने व्हायकिंगांना, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या लुटारूंना, चर्चमध्ये कोंडलं होतं. इतिवृत्तकार रेगिनो सांगतो, उन्हाने हैराण झालेल्या रॉबर्टने चिलखत आणि शिरस्त्राण उतरवलं. तेवढ्यात शत्रू बाहेर पडला. हा तसाच धावला आणि चर्चच्या दारातच पडला.

मुलं लहान. बापाची सत्ता त्यांना मिळालीच नाही, ती ह्यू नावाच्या दुसऱ्याच सरदाराकडे गेली. मला इथे फार गलबलून येतं.

पण थोरला ओडो 885-86 मध्ये व्हायकिंगांच्या वेढ्यात पॅरिससाठी लढला आणि 888 मध्ये सरदारांनी त्यालाच पश्चिम फ्रँक राज्याचा, म्हणजे पुढच्या फ्रान्सचा, राजा निवडलं. धाकटा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्ट, 922 मध्ये राजा झाला. त्याचा नातू ह्यू कापे 987 मध्ये राजा झाला. पुढे व्हाल्वा, बूर्बाँ ही फ्रान्सची राजघराणी, सगळी त्याच वंशातली. स्पेनचा फेलिपे सहावासुद्धा!

बापाचं सगळं गेल्यावर त्या दोन पोरांना कुणी वाढवलं असेल?