कानात शिट्टी, तरी मौन

सोमवार, संध्याकाळ

उतारवयात मौनप्रार्थना, म्हणजे देवापुढे गप्प बसून करायची ख्रिस्ती प्रार्थना, सोपी जाते असं सगळे धरून चालतात. पोरं मोठी झाली, नोकरी सुटली, आता बसायला काय हरकत? हरकतींची रांगच लागते. लघवीची गोळी, आखडलेली कंबर, डुलकी, कानात अखंड वाजणारी शिट्टी.

शिट्टीवाल्यांना सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश मठवासिनीची, आविलाच्या संत तेरेसाची सोबत आहे. आत्मा म्हणजे सात दालनांचा किल्ला, असं मांडणारा ग्रंथ तिने १५७७ साली, वयाच्या ६२ व्या वर्षी लिहिला. तब्येत पार ढासळलेली. चौथ्या दालनापाशी ती सांगून टाकते की डोक्यात नद्या उसळल्यासारखा आवाज चालू आहे, पण त्याने प्रार्थना अडत नाही. म्हणजे आधी शांतता, मग प्रार्थना, असा क्रम नाहीच.

मौनप्रार्थनेच्या या पद्धतीला आजचं रूप १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्पेन्सर इथल्या ट्रॅपिस्ट (कॅथलिक मठवासी पंथाच्या) संन्याशांनी दिलं. ताठ पाठीची खुर्ची, पावलं जमिनीला टेकलेली, डोळे मिटलेले. येशू, अब्बा (म्हणजे बाबा), प्रभू असा एखादा छोटा शब्द मनात हलकेच आणायचा. विचारात गुंतलो हे लक्षात आलं की त्या शब्दाकडे परत यायचं. २० मिनिटं, दिवसातून दोनदा. शेवटी दोन मिनिटं डोळे मिटूनच राहायचं, मग प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’) सावकाश म्हणायची.

आपल्याकडे घोटाळा होतो तो नामजपाच्या सवयीमुळे. शब्द माळेच्या मण्यासारखा सरकत राहतो आणि मोजणी सुरू होते. इथे शब्द फक्त परतण्यापुरता. विचार नसेल तेव्हा शब्दही नको. दुसरी खोट म्हणजे मध्येच शब्द बदलणं. कोणता बरा याचा विचार करण्यातच वेळ जातो.

जेवणानंतर बसलं की झोप ठरलेली, म्हणून जेवणाआधी बसावं. डुलकी लागलीच तर जाग आल्यावर पुढे चालू. चरफडत बसू नये. लघवीच्या गोळीचा जोर ओसरल्यावर बसावं, पण गोळीची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नये. उठताना आधी पावलं हलवावीत आणि खुर्चीचा हात धरावा, कारण एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरून तोल जातो.

स्थिर बसू लागलं की जुनं वर येतं: वाटणीचा वाद, भावाशी धरलेला अबोला, न केलेली माफी. हे बिघडल्याचं लक्षण नाही. पण तेच तेच उगाळून झोप उडायला लागली, तर बैठक दहा मिनिटांवर आणावी आणि फादरांशी, गरज पडली तर डॉक्टरांशीही बोलावं. नेटाने रेटण्यात भक्ती नाही.

पाचव्या दालनात तेरेसा मठातल्या भगिनींना स्पष्टच बजावते: देवावर आपलं प्रेम आहे की नाही हे नक्की कळत नाही, शेजाऱ्यावर आहे की नाही ते मात्र कळतं. आजारी भगिनीला काही करता येत असेल तर भक्तीचा गोडवा जाईल म्हणून घाबरू नका. तेव्हा बाराव्या मिनिटाला आतून पाणी मागितल्याची हाक आली, तर उठायचं. तो व्यत्यय नव्हे. (टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून ओरडायला उठणं, तो व्यत्यय.)

रात्री पाच मिनिटं जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांची दिवसाची उजळणी, पाच पायऱ्यांची: आभार, प्रकाशाची मागणी, दिवसावर नजर, पश्चात्ताप, उद्याचा निश्चय. म्हातारपणी तिसऱ्या पायरीवर गाडी घसरते आणि कोण आपल्याशी कसं वागलं याची यादी तयार होते. त्याऐवजी नेमकं विचारावं: न मागता सल्ला किती दिला? कुणाचं बोलणं मध्येच तोडलं? मदत कशी घेतली? हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. देणं आयुष्यभर अंगवळणी पडलेलं असतं. सुनेने औषधांचा डबा भरून दिला तर तो पुन्हा न मोजता घेणं नव्याने शिकावं लागतं. उद्याच्या निश्चयासाठी एवढं एकच पुरे.