केमोवाल्या घरी जाताना
आज वाडीत परळहून कॅन्सरची केमो (केमोथेरपी) घेऊन आलेल्या काकींच्या पडवीत सात-आठ जण एकदम. प्रत्येकाकडे ओळखीतला एक पेशंट आणि एक झाडपाला. काकी नुसत्या हूं हूं करत होत्या.

केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा सर्दी-खोकलावाल्यांनी फोनच करावा. बाकीच्यांनी एकेकट्याने जावं, हात धुऊन, पंधरा मिनिटं. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर मध्यरात्रीही दवाखाना गाठायचा, गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही.

बोलायचं काय? "आज कसं वाटतंय?" विचारून गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो, घाई आपल्यालाच असते. "काही होत नाही गो" म्हटलं की माणूस भीती गिळतो. धीर द्यायचा तर खरा द्या: गेलेले केस केमो संपल्यावर बहुतेकांचे परत येतात.

तोंड आलं असेल तर सोलकढी, तिखट कालवण नको. उकड्या तांदळाची मऊ पेज, कोमट.

आणि हो, रेल्वेत उपचाराला जाताना कॅन्सर पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ, सोबत्याला 75 टक्के सूट. हॉस्पिटलचा सवलतीचा फॉर्म आधी भरून घ्या.