अपडेट ७ : चौघंही ‘मी आलो’ म्हणतात

मंडळी, दोन महिने काही लिहिलं नाही कारण मुलांसाठीची माझी महापुराची कादंबरी अडकली होती, आणि अडकली होती ती एका क्रियापदावर. काल रात्री गाठ थोडी सुटली म्हणून आज लगेच लिहायला बसले.

मागच्या वेळी सांगितलं होतं की चौथा ड्राफ्ट मुलांना वाचायला देणार, पानांवरची निवेदकांची नावं काढून आणि पानं पिसून. दिला. सहा मुलं, तीन पुण्यातली, तीन कोल्हापुरातली, सगळी नऊ ते बारा वर्षांची. प्रत्येकाला चार निवेदकांची चार पानं आणि प्रश्न एकच, हे कोण बोलतंय? कोल्हापूरच्या तिघांनी बऱ्यापैकी ओळखलं. पुण्यातल्या तिघांनाही तेजा, म्हणजे माझी अकरा वर्षांची निवेदक मुलगी, मुलगा वाटली.

त्यातली एक, दहा वर्षांची, माझ्या शेजारी बसून ओळीखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचत होती. ‘मी पळत सुटलो’ आलं आणि बोट थांबलं. मग ते बोट वर सरकलं, दोन ओळी, चार ओळी, वेणीच्या रिबिनीपर्यंत. परत खाली. ‘अगं पण हिच्या वेण्या होत्या ना मघाशी?’ मी गप्प, कारण टेस्टचा नियमच तो, आपण बोलायचं नाही. तिनं जरा विचार केला आणि स्वतःच ठरवलं, ‘हां, म्हणजे हा दुसरा कोणीतरी मुलगा आलाय.’ तिथून पुढं दीड पान ती वेगळीच गोष्ट वाचत होती, गच्चीवर तेजा एकटी आहे हे तिला कळलंच नाही, तिच्या डोक्यात दोन मुलं होती, म्हणजे एकटेपणाची ती सगळी भीती वाया गेली. मला फार वाईट वाटलं, तो प्रसंग मी अकरा वेळा लिहिलाय.

नवीन आलेल्यांसाठी दोन वाक्यं. कोल्हापूरजवळचं प्रयाग चिखली, ऑगस्ट २०१९ चा महापूर, चार मुलं, प्रत्येकजण ‘मी’ म्हणून सांगतो. तेजा (११), तिचा धाकटा चुलतभाऊ सोन्या (७), पुण्याहून आलेला ओम (१२) आणि शाळेतली मैत्रीण समीना. चॅप्टरना तारखा नाहीत, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाण्याची पातळी आहे, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, असं चढत चढत ५५ फूट ७ इंचापर्यंत. ते सगळ्यांना आवडलंय, त्याला हात लावणार नाही.

आता अडचण अशी की आमच्या कोल्हापूरकडं बायकापोरीसुद्धा ‘मी आलो, मी जातो, मी जेवलो’ म्हणतात. माझी आई अजून फोनवर ‘आलो आलो’ म्हणते. त्यामुळं तेजाही आलो, समीनाही आलो, ओम आणि सोन्या तर मुलगेच. मराठीत ‘मी’ बोलायला लागला की बहुतेक वेळा पहिल्याच क्रियापदात कळतं मुलगी का मुलगा, लेखकाला ती केवढी फुकटची मदत असते, आणि माझ्या कादंबरीत नेमकी तीच नाही. वर आजी तेजाबद्दल ‘आमचं तेजा आलं’ म्हणते. म्हणजे एका मुलीला स्वतःच्या तोंडी आलो, आजीच्या तोंडी आलं आणि बाईंच्या तोंडी आली. मला हे फार सुंदर वाटतं, पण बाहेरच्या वाचकाच्या पायात ते अडकतं हेही खरं.

सगळ्यात आधी सोपा उपाय केला, तेजाला ‘आले, गेले’ करून टाकलं. तीन पानं बदलली आणि कोल्हापूरला बहिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘ही कुठली पोरगी? ही आमच्यातली न्हाई.’ विषय संपला.

मग ठरवलं की लिंग दिसणारच नाही असं लिहायचं. व्याकरणात जागा आहे त्याला. ‘मी पाहिलं, मी भाकरी खाल्ली’ यात कळत नाही, ‘मला भूक लागली’त कळत नाही, ‘मी जाईन’मध्ये नाही, ‘मी जात नाही’मध्येही नाही. पहिली दोन पानं छान झाली, मी खुश. तिसऱ्या पानावर पाणी गल्लीत शिरलं आणि सगळं ठप्प, कारण पुरात माणूस काय करतो? पळतो, चढतो, घसरतो, पोहतो, रडतो, बसून राहतो. ही सगळी क्रियापदं लिंग दाखवणारी! पळाले नको म्हणून ‘मी धाव घेतली’ लिहिलं, रडले नको म्हणून ‘माझ्या डोळ्यांतून अश्रू आले’. परत वाचलं तर अकरा वर्षांची पोर पेपरातल्या बातमीसारखी बोलत होती. तेजा नुसती बघणारी झाली, हलणारी राहिलीच नाही. खोडलं सगळं.

मग फॉन्ट. आर. जे. पलासिओंच्या २०१२ च्या ‘वंडर’ या इंग्रजी कादंबरीत आठ भाग आणि सहा निवेदक आहेत, त्यात जस्टिनचा भाग अख्खा कॅपिटल अक्षरांशिवाय छापलाय, पान उघडलं की डोळ्यालाच कळतं माणूस बदलला. देवनागरीत लहानमोठं अक्षर हा प्रकारच नाही. म्हणून चार निवेदक चार फॉन्टमध्ये लावले. ओमला मुक्ता, सोन्याला बालू, हे दोन्ही ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, फुकट मिळतात आणि जोडाक्षरं फार सुरेख बसतात, कुणी मुलांसाठी लिहीत असेल तर डोळे झाकून मुक्ता घ्या. पण मुलांनी जाड बालू बघून विचारलं, ‘हा ओरडून बोलतोय का?’ बरोबर आहे त्यांचं. आवाज शब्दांतून यायला पाहिजे.

हत्यारांचा विषय निघालाच आहे तर, व्हॉइस टायपिंगचा नाद मी सोडला. बोलीत बोललेलं ते सरळ करून टाकतं, ‘व्हय’चं होय, ‘जेवायलोय’चं जेवतोय, आणि तीन पानांनंतर लक्षात येतं की पोरं पुस्तकी झाली. स्पेलचेकही बंद केलाय. त्यापेक्षा अप्पा बळवंत चौकातून आणलेले चार रंगांचे कागद जास्त कामाला आले, तेजा पिवळा, सोन्या हिरवा, ओम पांढरा, समीना गुलाबी. भिंतीवर लावले तेव्हा पहिल्यांदा दिसलं की ४३ फुटांच्या पुढच्या मोठ्या पट्ट्यात समीना एकदाही बोलत नाही. तेव्हाच तर शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन रस्ता बंद होतो! ते आता भरलंय, नवीन चॅप्टर, आणि तो मला आत्तापर्यंतच्या सगळ्यात आवडलाय.

आता काल रात्रीची गोष्ट. गुलाबी आणि पांढरा कागद शेजारी शेजारी ठेवून वाचत होते आणि एकदम दिसलं की तेजाच्या आईला ओम ‘काकू’ म्हणतो आणि समीना ‘मावशी’. बाई तीच, भाकऱ्या थापणारी, पण हाक वेगळी! म्हणजे लिंगानं नाही कळलं तरी नात्यानं कळतंय की कोण बोलतंय. मग नियमच केला, प्रत्येक चॅप्टरच्या पहिल्या तीन वाक्यांत ही बाई आली पाहिजे आणि बोलणाऱ्यानं तिला आपल्या हाकेनं हाक मारली पाहिजे. आई म्हटलं की तेजा, काकू म्हटलं की ओम, मावशी म्हटलं की समीना, थोरली आई म्हटलं की सोन्या. रात्री दीडपर्यंत एकवीस चॅप्टरांच्या सुरुवाती बदलल्या, इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

सकाळी बहिणीला फोन. ती म्हणाली, ‘आपल्या घरात आईला आई कोण म्हणत होतं गं? सगळी वैनीच म्हणायचो की.’ खरंय! एकत्र घर, काका लोक वैनी म्हणायचे, ते ऐकून आम्हीपण वैनी. मी स्वतः आईला बारावीपर्यंत वैनी म्हटलंय आणि कादंबरीत विसरले. म्हणजे तेजा वैनी आणि सोन्याही वैनी, दोघं परत एकात एक. पण हे मी बदलणार नाही, वैनीच ठेवणार, त्या घराचा वास आहे त्या हाकेला. सोन्या वाक्यांच्या लांबीवरून ओळखू येतो, सात वर्षांचा आहे, तो ‘कारण’ म्हणत नाही, फूटही म्हणत नाही, ‘आज पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीवर आलंय’ असं सांगतो.

आणखी एक मिळालं, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ओम सुरुवातीला सारखा ‘आम्ही पुण्यात असं करतो’, ‘तुमच्या म्हशी’. मग लोकांना सोनतळीला हलवतात त्या चॅप्टरमध्ये माझ्याही नकळत त्याच्या तोंडून गेलंय, ‘आपली म्हैस दिसत नाही.’ मी ते ठरवून लिहिलं नव्हतं. आता तिथपर्यंतचे त्याचे सगळे ‘आपण’ शोधून खोडायचेत, म्हणजे तो पहिला ‘आपली’ नीट लागेल.

आणि हे टाइप करता करताच एक सुचतंय, थांबा, नीट लिहिते. ओम मुलगा कशाला पाहिजे? पुण्याहून मुलगी आली तर? ओवी म्हणू. आईच्या बाळंतपणामुळं जूनपासून आजीकडं, बाकी सगळं तेच. ती ‘मी आले’ म्हणणार. म्हणजे एक निवेदक तर पहिल्या वाक्यातच वेगळा होतो. आणि पहिला चॅप्टर तेजाचा न ठेवता ओवीचा ठेवला, तर पहिल्याच संध्याकाळी जेवताना ती विचारेल, ‘तू मुलगी आहेस ना, मग आलो काय म्हणतेस?’ आणि तेजा ताटातून मानही वर न करता म्हणेल, ‘मग काय म्हणू?’ म्हणजे माझ्याकडची ती दहा वर्षांची वाचक जिथं अडकली तिथंच ओवी अडकेल, आणि दोघींना एकदमच उत्तर मिळेल! दोन महिने मी तेजाचं बोलणं बदलत बसले होते. ते बोलणं ऐकणारं माणूस गोष्टीत नव्हतं एवढंच.

आणि पुढं... पाणी चढत जातं तसं ओवीचं ‘आले’ कधीतरी ‘आलो’ होईल. कुणी बोट ठेवायचं नाही. होडीत बसताना आजीनं हाक मारली की ‘आलो!’ आणि बास. मी सतराव्या वर्षी पुण्याला होस्टेलला आले तेव्हा पहिल्या आठवड्यात ‘मी जेवलो’ म्हटल्यावर अख्खं टेबल हसलं होतं, महिन्याभरात माझं ‘आलो’ गेलं ते गेलंच, घरी गेल्यावर परत आणायला आता जरा जोर लावावा लागतो. ओवीचा प्रवास बरोबर उलटा. हे लिहिताना अंगावर काटा आलाय खरंच.

म्हणजे ओमचे नऊ चॅप्टर नव्यानं लिहायचे. नुसतं ‘गेलो’चं ‘गेले’ करून भागणार नाही, ओम म्हशीला घाबरत नव्हता, ओवी घाबरेल असं वाटतंय, आणि तेजा ओमसमोर जेवढी बोलते त्यापेक्षा ओवीसमोर जास्त बोलेल, रात्री माळ्यावर झोपल्यावर तर नक्कीच. ‘आपली म्हैस’ मात्र आहे तिथंच राहणार. पांढरे कागद आत्ता भिंतीवरून काढले, ओवीला निळा दिलाय. जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलीये, डिलीट केली नाही.

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडच्या मंडळींना एकच विचारायचंय, तुमच्याकडं बाहेरून लग्न होऊन आलेल्या किंवा लहानपणी राहायला आलेल्या कुणी असतील तर त्यांना विचारून सांगा, तोंडात आधी काय बसलं, ‘आलो’ की ‘जातो’? मला होडीच्या चॅप्टरआधी तिच्या तोंडी एक चुकून निसटलेलं रूप पाहिजे, आणि ते कुठलं असेल ते मी आईला कितीही विचारलं तरी तिला सांगता येत नाही, ती जन्मापासून तसंच बोलते.