माणूस की भाव?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी निफाडकडचा आहे कळलं की पुण्यात हा प्रश्न ठरलेला असतो : "तुमच्याकडे लोक माणूस बघून मत देतात की कांद्याचा भाव बघून?"

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्यावर निर्यातबंदी घातली तेव्हा आमचा लाल कांदा काढणीला आला होता. उन्हाळ कांदा असता तर साठवणीच्या कांदाचाळीत भरून दम धरला असता. लाल कांदा टिकत नाही. त्या दिवशी लिलावात जो भाव निघेल तो घ्यावा लागतो. वडील रिकामा ट्रॅक्टर घेऊन परतले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ४० टक्के निर्यातशुल्क राहिलंच. आमचं निफाड ज्यात येतं त्या दिंडोरी लोकसभेचं मतदान होतं २० मेला.

तोवर पारावर येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या माणसाला वडील एकच विचारायचे, "बंदी होती तेव्हा तुम्ही कुठं होतात?" मला वाटतं, उत्तर यातच आहे. माणूस ओळखायचा कधी, तर भाव पडल्यावर. लग्नाला, दहाव्याला सगळेच येतात.

पेशानं शिक्षक असलेले, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे भास्कर भगरे 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हावर लाखाहून जास्त मताधिक्यानं निवडून आले. त्यांच्याच आडनावाच्या, नुसत्या तुतारी चिन्हाच्या दुसऱ्या, अपक्ष उमेदवारालाही लाखावर मतं पडली. त्यातली किती नावाच्या आणि चिन्हाच्या घोळात गेली असतील, याची मला आजही हळहळ वाटते.

सहा महिन्यांनी विधानसभेला याच मतदारसंघातल्या सहाच्या सहा जागा महायुतीनं जिंकल्या. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये सुरू झाले होते. "बायका विकल्या गेल्या," असं कुणी म्हटलं की माझा जीव तुटतो. आमच्या घरात कांदा लावते आई, काढते आई, निवडते आई. मी तिला मत कुणाला दिलंस ते विचारलं नाही, पैशांचं काय केलंस एवढंच विचारलं. ती म्हणाली, "खात्यातच आहेत. कांद्याच्या विक्रीची हिशोबपट्टी आजवर कधी माझ्या नावानं फाटली का रे?"