डबल-क्लिक मारणारा माऊस वॉरंटीत बदलून घेताना: माझा अनुभव

जळगावात कापसाच्या जिनिंगच्या (रुई-सरकी वेगळी करायच्या) कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर मी साधा माऊस, उभा माऊस आणि अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल असे तिन्ही वापरले. कोणता घ्यावा हे ठरवणं फार अवघड नाही. जीव जातो तो बिघडलेला बदलून घेताना.

बिघाड असा: बटण एकदाच दाबलं तरी फोल्डर उघडतं, एक्सेलमध्ये सेल ओढून निवडताना निवड मध्येच सुटते. बटणाखाली मायक्रोस्विच, म्हणजे क्लिक पकडणारा छोटा स्विच असतो. त्यातली पातळ पट्टी थकते, टोकावर काजळी धरते आणि एका दाबात संपर्क दोन-तीनदा जुळतो-तुटतो. काही मिलिसेकंदांची थरथर माऊस स्वतःच गाळतो; ती लांबली की संगणक दोन क्लिक मोजतो.

सर्व्हिस काउंटरवर सगळं इथेच अडतं, कारण हा बिघाड सतत दिसत नाही. समोरचा पाच-सहा क्लिक करतो आणि "चालतोय की" म्हणून माऊस परत सरकवतो. पुन्हा गेलं की "विंडोजची सेटिंग बघा". संताप येतो तो याचाच. डबल-क्लिक स्पीडचा स्लायडर शेवटपर्यंत नेला तरी उपयोग नाही. स्विचच्या दोन क्लिकमधलं अंतर त्याहून कितीतरी कमी असतं.

म्हणून पुरावा घेऊनच जा. बोट आणि स्क्रीन एकाच चौकटीत दिसतील असा मोबाईल व्हिडिओ काढा. एखादी फाईल बटण दाबून धरून डेस्कटॉपभर फिरवा. मध्येच सुटली तर लगेच कळतं. हेच दुसऱ्या संगणकावर करून तोही व्हिडिओ ठेवा, म्हणजे सेटिंगचा मुद्दा संपतो. वायरलेस असेल तर आधी नवा सेल टाका आणि डोंगलही (संगणकात खोचायचा छोटा रिसीव्हर) सोबत न्या. माऊस जमा करताना लेखी पावती घ्या, तिच्यावर "डबल-क्लिक" हाच शब्द लिहून घ्या. नुसतं "तपासणीसाठी" चालवून घेऊ नका. माझा माऊस बदलून मिळाला तो व्हिडिओमुळेच, आणि तेव्हा फार बरं वाटलं.

आता निवड. दिवसभर टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) असाल तर हात कीबोर्डवरच असतो, साधा माऊस पुरतो. मनगट दुखत असेल तर उभा घ्या, पंजा पालथा पडत नाही. मात्र हाताच्या मापाचा हवा, दुकानात धरून बघा. टेबलावर वह्या-बिलांची गर्दी असेल तर ट्रॅकबॉल, कारण तो जागचा हलत नाही. पण बारीक ओढकामात अंगठा दमतो, आणि कपाशीच्या हंगामात रुईचे तंतू गोळ्याखालच्या तीन टेकूंवर साचून कर्सर अडखळतो. खालच्या भोकातून पेन्सिलीने गोळा बाहेर ढकला, टेकू कोरड्या कापडाने पुसा.

टेबलावर काच असेल तर पॅड घ्याच, साध्या ऑप्टिकल माऊसला काचेवर नीट वाचता येत नाही. आणि बिल घेतानाच त्यावर मॉडेल व सिरीयल नंबर लिहून घ्या, माऊसखालच्या स्टिकरचा फोटोही काढा. ते अक्षर घासून लवकर पुसट होतं.